धबधबा शेवटी दाखवा: नायगराच्या सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
नायगराच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्या, उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना स्वतःच्या गाडीतून नायगराला नेणारी सगळी मंडळी,

स.न.वि.वि.

तुमचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. टोरांटोहून सकाळी निघायचं, भर उन्हात धबधब्यावर पोचायचं, लाल रेनकोट चढवून बोटीच्या रांगेत उभं राहायचं, फोटो, क्लिफ्टन हिलवर आइस्क्रीम, लंडीज लेनवर कुठेतरी जेवण आणि परत. यात वावगं काही नाही. पण ज्या लंडीज लेनवर तुमची बस उभी असते, तिथल्याच टेकाडावर २५ जुलै १८१४च्या संध्याकाळी लढाईला तोंड लागलं आणि ती मध्यरात्रीपर्यंत चालली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून दोन्ही बाजूंनी प्रत्येकी आठशेहून जास्त माणसं त्यात गमावली. धबधबा तिथून चालत अर्ध्या तासावर आहे.

ही लढाई १८१२च्या युद्धातली. काही गाईड त्या युद्धाबद्दल दोन शब्द सांगतात, आणि हे पत्र खरं तर त्या दोन शब्दांसाठीच आहे. 'इथे कॅनडा आणि अमेरिकेचं युद्ध झालं, रेड इंडियन लोकांनी इंग्रजांना मदत केली' असं ते वाक्य असतं. त्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक म्हणजे तेव्हा कॅनडा नावाचा देशच नव्हता. तो १८६७ साली झाला. १८ जून १८१२ला अमेरिकेने युद्ध पुकारलं ते ब्रिटनविरुद्ध. समुद्रात अमेरिकी खलाशांना पकडून ब्रिटिश आरमारात जुंपलं जात होतं, व्यापारावर निर्बंध होते, आणि पश्चिमेकडच्या जमिनीवर अमेरिकेचा डोळा होता. दुसरी चूक 'रेड इंडियन' हा शब्द. आपल्याकडे तो शाळेपासून तोंडात बसलाय, पण इथे तो शिवीसारखा लागतो. मोहॉक, सेनेका, शॉनी अशी ज्याची त्याची नावं घ्या. 'टोळी'सुद्धा नको. मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात, आणि ही तर राजसत्तेशी करार करणारी राष्ट्रं होती. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा, सेनेका आणि मागाहून आलेले टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या संघाचं नाव हौडेनोशौनी, म्हणजे लांब घराचे लोक. त्यांच्यात सरदार नेमायचा आणि काढायचा अधिकार कुळातल्या ज्येष्ठ बायकांकडे असे. हे सांगितलंत की बसमधल्या बायका पुढचं सगळं कान देऊन ऐकतात.

तिसरी चूक 'मदत केली' ही, आणि ती सगळ्यात मोठी. ते कुणाच्या मदतीला आलेले नव्हते. स्वतःची जमीन राखायला ते लढले आणि त्यासाठी सोयीचा मित्र त्यांनी निवडला. हे एवढं नीट सांगता आलं तर बाकीचं युद्ध आपोआप उलगडतं.

आता दिवसाची आखणी. सकाळी धबधब्यावर जाऊच नका. टोरांटोहून सरळ नायगरा-ऑन-द-लेक गाठा आणि तिथून नदीकाठच्या रस्त्याने दक्षिणेकडे या: फोर्ट जॉर्ज, क्वीन्स्टन हाइट्स, लंडीज लेन, आणि संध्याकाळी धबधबा. रात्री तो दिव्यांत उजळतोच, शिवाय दुपारच्या पार्किंगची मारामारी वाचते. एकूण अंतर वीस-बावीस किलोमीटर.

निघताना नकाशा दाखवा. ही नदी ईरी सरोवरातून निघून ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. लांबी साठ किलोमीटरच्या आत, पण मध्ये धबधबा आणि खोल घळ. आपल्या माणसांना सांगायला सोपं उदाहरण घाटाचं आहे. क्वीन्स्टन हे घाटाच्या पायथ्याचं बंदर. गलबतं तिथवर येत. तिथे माल उतरवून बैलगाड्यांनी चढावर न्यायचा, धबधब्याला वळसा घालून वरच्या अंगाला चिप्पावाला पुन्हा होड्यांत भरायचा. पश्चिमेकडच्या प्रत्येक ठाण्याचं पीठ, मीठ, दारूगोळा याच वाटेने जाई. नदी ओलांडायच्या जागाही मोजक्याच: ईरीच्या तोंडाशी, चिप्पावाच्या वर, क्वीन्स्टनला आणि नदीच्या मुखाशी. चारही ठिकाणी लढाया झाल्या त्या म्हणूनच.

फोर्ट जॉर्जमध्ये उन्हाळ्यात बंदुकीचं प्रात्यक्षिक असतं. ते चुकवू नका, कारण तिथे आपला एक खराखुरा धागा आहे. ब्रिटिश शिपायाच्या हातातल्या त्या बंदुकीचं नावच 'इंडिया पॅटर्न'. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ठरवलेला हा स्वस्त, सुटसुटीत नमुना. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका कमी पडल्या तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीचा साठा उचलला आणि १७९७मध्ये तोच नमुना स्वतःच्या सैन्याला लावला. म्हणजे कंपनीची जी बंदूक आपल्याकडे मराठ्यांवर रोखली गेली, तीच नायगराच्या काठावरही आली. नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंच, वजन चार किलोच्या आसपास, पुढे १७ इंचांची तिधारी संगीन.

प्रात्यक्षिकात हात भराभर चालतात, म्हणून आधीच समजावून ठेवा. घोडा अर्धा चढवायचा. कागदी काडतुसाचं टोक दाताने फोडायचं. चिमूटभर दारू रंजकदाणीत, म्हणजे घोड्यापुढच्या छोट्या वाटीत, टाकून तिचं पोलादी झाकण लावायचं. बंदूक उभी धरून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग कागदासकट गोळी, मग गजाने ठासायचं. गज काढून नळीखालच्या जागी परत खोवायचा, घोडा पुरता चढवायचा आणि चाप ओढायचा. घोड्यातली चकमक झाकणावर आपटते, ठिणगी रंजकीत पडते, आणि तिथून बारीक भोकातून, म्हणजे बंदुकीच्या कानातून, आग आतल्या दारूला पोचते. सराव असलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी.

आणि यातलं प्रत्येक पाऊल चुकू शकतं. दमट हवेत रंजक ओलावते. काही बारांनंतर कान काजळीने बुजतो. मग रंजक भुस्सकन पेटते आणि बार काही होत नाही. 'फुसका बार' म्हणजे काय ते तिथे डोळ्यांनी दिसतं. चकमक झिजली की वीस-तीस बारांनी बदलावी लागे. गोंधळात आपली बंदूक उडालीच नाही हे न कळून शिपाई तिच्यावरच दुसरं काडतूस ठाशी. घाईत गज नळीतच राहिला तर तो गोळीसोबत उडून जाई, आणि गज गेला की बंदूक म्हणजे नुसता संगिनीचा दांडा. काडतूस दाताने फोडायचं म्हणून पुढचे दात शाबूत हवेत, नाहीतर भरती नाही. दारूतला सोरा तोंडात जाऊन घशाला कोरड पडे ती वेगळीच. शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून तर खांद्याला खांदा लावून रांगा करायच्या आणि एकदम बार काढायचे. अमेरिकी शिपाई एका गोळीबरोबर तीन छर्रे भरत. जवळून ते भयंकर लागत.

नायगरा-ऑन-द-लेक गावात फिरताना 'ही दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची घरं' असं गाईड सांगतो तेव्हा थोडं थांबा. १० डिसेंबर १८१३च्या आधीचं तिथे जवळजवळ काही उरलेलं नाही. गावाचं नाव तेव्हा न्यूआर्क. फोर्ट जॉर्ज मे महिन्यापासून अमेरिकनांच्या ताब्यात होता. डिसेंबरात मिलिशियाची, म्हणजे साध्या नागरिकांच्या हंगामी फौजेची, मुदत संपून माणसं घरी गेली, हाताशी मूठभर उरले, आणि जनरल मॅक्लुअर यांनी नदीपलीकडे माघार घ्यायचं ठरवलं. जाता जाता गाव जाळायचा हुकूम दिला, म्हणजे इंग्रजांना हिवाळ्यात निवारा मिळणार नाही. लोकांना काही तासांची सवड मिळाली. बाहेर बर्फ होतं, आणि घरांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. एका आजारी बाईला अंथरुणासकट उचलून बर्फात ठेवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत घर पेटवलं. गंमत अशी, म्हणजे वाईटच गंमत, की घाईत फौजेचे तंबू मात्र किल्ल्यात तसेच राहिले आणि इंग्रजांना ते आयते मिळाले.

आग लावणाऱ्यांमध्ये जोसेफ विलकॉक्स होते. अपर कॅनडाच्या, म्हणजे आजच्या ऑन्टॅरिओच्या, विधिमंडळातले माजी सदस्य, क्वीन्स्टनला इंग्रजांकडून लढलेले, मग फितूर होऊन अमेरिकेच्या बाजूने स्वयंसेवकांची तुकडी काढलेले. शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचं घर जाळलं. सीमेवरच्या या वस्तीत अर्ध्याअधिक लोकांचे नातेवाईक नदीपलीकडे होते, कोण कुणाचा हे ठरवणं कठीण होतं. पुढच्या जुलैमध्ये बर्लिंग्टन हाइट्सला राजद्रोहाबद्दल आठ जणांना फाशी दिलं. दोन्ही फौजांनी शेतकऱ्यांचे घोडे नेले, कुंपणं उपटून शेकोटीला वापरली. भरपाईसाठी लोक वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते.

सूड लगेच निघाला. १९ डिसेंबरच्या पहाटे इंग्रजांनी बंदुका न भरता, नुसत्या संगिनींवर, समोरचा फोर्ट नायगरा घेतला आणि पलीकडचं लुइस्टन जाळलं. तिथे टस्करोरांची वस्ती होती, अमेरिकेच्या बाजूची. त्यांच्यातले मोजके पुरुष टेकडीवरून आरडाओरडा करत आले, फौज मोठी असल्याचा भास केला आणि तेवढ्या वेळात गावकरी निसटले. टस्करोरांचं स्वतःचं गाव त्याच दिवसांत जळालं. २०१३ साली, बरोबर दोनशे वर्षांनी, लुइस्टनला त्यांचं स्मारक झालं. महिनाअखेर बफेलोही भस्मसात झालं. लुइस्टन आणि फोर्ट नायगरा अमेरिकेत आहेत. पूल दिसतो म्हणून 'पलीकडेही जाऊन येऊ' असं कुणाला कबूल करू नका. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा नसेल तर ती माणसं पुलावरूनच परत फिरतील आणि दिवस वाया जाईल.

क्वीन्स्टन हाइट्सला दोन तास द्या. हिरवळ आहे, बाकं आहेत, डबे उघडायला यापेक्षा चांगली जागा नाही. समोर ५६ मीटर उंच खांब आहे, वर इंग्रज सेनापती जनरल आयझॅक ब्रॉक यांचा पुतळा, आत २३५ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना. गुडघे दुखणाऱ्यांना आधीच सांगा, अर्ध्यावरून वळायला जागा नाही. हिवाळ्यात खांब आतून बंद असतो.

१३ ऑक्टोबर १८१२च्या पहाटे अमेरिकी फौज होड्यांतून क्वीन्स्टनला उतरली. चढावर मध्यावर इंग्रजांची अठरा पौंडी तोफ होती. कॅप्टन वुल काही माणसांसह कोळ्यांच्या पायवाटेने कड्यावर चढले आणि तोफेच्या वरच्या अंगाला निघाले. ब्रॉक तेव्हा तोफेपाशीच होते. तोफेच्या कानात खिळा ठोकून सगळे खाली पळाले. मग ब्रॉक यांनी स्वतः पुढे होऊन चढावर हल्ला केला आणि छातीत गोळी लागून पडले. तो लाल कोट, छातीवरच्या भोकासकट, ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. बहुतेक गाईड गोष्ट इथेच संपवतात, खांब दाखवतात आणि चहाला वळतात. लढाई मात्र त्या क्षणी इंग्रज हरत होते. सेनापती मेला होता, टेकडी गेली होती.

ही लढाई फिरवली जॉन नॉर्टन यांनी. वडील चेरोकी, आई स्कॉटिश, मोहॉकांनी दत्तक घेऊन तेयोनिन्होकारावेन हे नाव दिलेला माणूस. ग्रँड नदीकाठच्या ऐंशीच्या आसपास योद्ध्यांना घेऊन ते पश्चिमेकडून दूरच्या वाटेने घाट चढले आणि झाडीतून अमेरिकनांवर तुटून पडले. सोबत जॉन ब्रँट हा अठरा वर्षांचा मोहॉक पोरगा. समोर शेकडो शिपाई. झाडाआडून मारायचं, दबाव आला की मागे सरायचं, पुन्हा दुसरीकडून यायचं. 'गनिमी कावा' म्हणून तुम्ही इथे टाळ्या घ्याल हे माहीत आहे, घ्या. फक्त इथे नॉर्टन यांचं काम लूट किंवा पाठलाग नव्हतं, वेळ काढायचं होतं, हेही सांगा. तासन्‌तास त्यांनी शत्रूला खंदक नीट खोदू दिले नाहीत. तेवढ्यात जनरल शीफ फोर्ट जॉर्जहून कुमक घेऊन निघाले आणि त्याच वळशाच्या वाटेने वर आले. त्यांच्यासोबत कॅप्टन रंची यांची काळ्या सैनिकांची तुकडीही होती. युद्धघोष नदीपलीकडे ऐकू गेले, होड्यांतून रक्तबंबाळ माणसं परतताना दिसली, आणि न्यूयॉर्कच्या मिलिशियाने पलीकडे जायला साफ नकार दिला. देशाबाहेर लढायची सक्ती आमच्यावर नाही, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा होता. संध्याकाळपर्यंत नऊशेहून जास्त अमेरिकी कैद झाले होते.

'भीती' हे इंग्रजांचं ठरवून वापरलेलं हत्यार होतं. त्याआधी ऑगस्टमध्ये ब्रॉक यांनी डेट्रॉइटच्या किल्ल्यातले अमेरिकी जनरल हल यांना लिहिलं होतं की एकदा लढाई जुंपली की हे योद्धे माझ्या आवरण्यात राहणार नाहीत. शॉनी नेता टेकुमसे यांचे लोक बाहेर उभे होते, आणि हल यांनी दोन हजारांवर माणसांसह किल्ला सोडला. जून १८१३मध्ये बीव्हर डॅम्सला तेच झालं. काहनावाके ही मोहॉक वस्ती आणि इतर ठिकाणचे चारशेच्या आसपास योद्धे जंगलात लढले, ब्रिटिश लेफ्टनंट फिट्झगिबन पन्नासेक शिपाई घेऊन शेवटी आले, कत्तलीचा धाक घातला आणि अमेरिकनांकडून शरणागती लिहून घेतली. आपल्या बाजूने योद्ध्यांखेरीज कुणी एकही गोळी झाडली नाही हे फिट्झगिबन यांनी स्वतः लिहून ठेवलंय. श्रेय मात्र त्यांना मिळालं.

त्या लढाईची बातमी आगाऊ द्यायला लॉरा सिकॉर्ड क्वीन्स्टनहून तीसेक किलोमीटर चालत गेल्या. सोबत गाय हाकत नेली ही मागाहून जोडलेली गोष्ट, सांगू नका. त्यांच्या नावाच्या चॉकलेटच्या दुकानांशीही त्यांचा काही संबंध नाही, ते नाव १९१३ साली दिलं. वाटेत त्या मोहॉकांच्या तळावर पोचल्या आणि त्यांनीच त्यांना पुढे फिट्झगिबनपर्यंत नेलं. हा भाग गाळला जातो तो गाळू नका. त्यांचं थडगं लंडीज लेनच्या ड्रमंड हिल दफनभूमीत आहे, म्हणजे लढाईच्या ऐन टेकाडावर.

लंडीज लेनला सहा राष्ट्रांचे लोक फारसे दिसत नाहीत. का, ते चिप्पावाला कळतं. ५ जुलै १८१४ला तिथे हौडेनोशौनी दोन्ही बाजूंनी लढले. ग्रँड नदीचे इंग्रजांकडून, न्यूयॉर्कचे सेनेका वगैरे अमेरिकेकडून. मध्ये आखलेली सीमा त्यांची नव्हती, पण तिच्यासाठी भावाने भावाला झाडीत मारलं. काही हजार लोकसंख्येच्या समाजाला एकेक तरुण म्हणजे एक घर. त्यानंतर सेनेका नेते रेड जॅकेट यांच्या पुढाकाराने निरोप गेले आणि दोन्हीकडचे बहुतेक जण युद्धातून बाजूला झाले. 'ते हवं तेव्हा यायचे, हवं तेव्हा जायचे' ही ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार गाईडच्या तोंडी अजून ऐकू येते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो साधा हिशेब होता.

युद्ध कोण जिंकलं, हा प्रश्न बसमध्ये हमखास येतो. २४ डिसेंबर १८१४च्या गेंटच्या तहाने सीमा होती तिथेच ठेवली. इंग्रजांनी आधी मूळ राष्ट्रांसाठी वेगळा प्रदेश मागितला होता, तो आग्रह लवकरच सोडला. नोव्हेंबरात सरकारने वेलिंग्टनचा सल्ला घेतला. हा तोच आर्थर वेलस्ली, १८०३मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. सरोवरांवर आरमाराची सरशी नसताना अमेरिकेकडे भूमी मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याने कळवलं. तहाच्या नवव्या कलमात मूळ राष्ट्रांना १८११सालचे हक्क परत देण्याचं वचन होतं. ते कागदावरच राहिलं. टेकुमसे त्याआधी, ५ ऑक्टोबर १८१३ला, मोराव्हियनटाउनजवळ मारले गेले होते. १७८४मध्ये सहा राष्ट्रांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन दिली होती, तिच्यातली आज पाच टक्क्यांच्या आसपास त्यांच्याकडे आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या १७९४च्या 'जे करारा'तला (Jay Treaty) सीमा मुक्तपणे ओलांडण्याचा हक्क बजावायला ते अजूनही दर जुलैमध्ये नायगराचा पूल चालत पार करतात. तेव्हा वाहतूक अडली तर बसमध्ये कुरकुर न करता कारण सांगा.

क्वीन्स्टन हाइट्सला पोचल्यावर खांबाकडे लगेच जाऊ नका. त्याच बागेत २ ऑक्टोबर २०१६ला खुलं झालेलं सहा राष्ट्रांचं स्मारक आहे. नॉर्टन आणि ब्रँट यांचे कांस्य पुतळे दाराशी उभे आहेत, आत लांब घराचा सांगाडा आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. सतरंजी तिथे जवळच टाका, डबे उघडा, आणि ब्रॉकची गोष्ट नॉर्टनपासून सुरू करा. खांब काय, तिथे बसल्या जागेवरूनही दिसतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ऑन्टॅरिओतले काही इतिहासप्रेमी मराठीजन